नळीवरचा खोटा फुगवटा : १/३५ मापाच्या भारतीय टी-५५ रणगाड्याच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

१९७१ च्या युद्धातल्या भारतीय टी-५५ रणगाड्याची प्रतिकृती १/३५ मापात उभी करण्याचे काम आज हाती घेतले. बाजारात मिळणारा सुट्या प्लास्टिक भागांचा संच सोव्हिएत सैन्याच्या रणगाड्याचा असतो. त्याचा आपला रणगाडा करायचा तर रंग आणि आकडे बदलून भागत नाही, तोफेच्या नळीवर एक भाग नव्याने घडवावा लागतो. माझा सगळा खटाटोप त्या एका भागासाठी आहे, म्हणून त्याची हकिकत आधी लिहितो.

टी-५५ च्या १०० मिलिमीटर तोफेला तोंडाजवळ एक फुगवटा असतो. गोळा नळीतून पुढे जाताना दाबाखालचा थोडा वायू त्या फुगवट्याच्या पोकळीत शिरतो आणि गोळा बाहेर पडल्यावर तोच वायू तोंडाच्या दिशेने सुटून नळीत उरलेला धूर ओढून नेतो, त्यामुळे टरेटमध्ये, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजात, बसलेल्यांचा श्वास कोंडत नाही. पाकिस्तानकडे त्या वेळी चिनी बनावटीचे टाइप ५९ रणगाडे होते. टाइप ५९ म्हणजे टी-५४ चीच चिनी आवृत्ती, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला दोन्ही बाजूंचे रणगाडे सारखेच दिसत, आणि जम्मू भागातल्या छांबच्या आघाडीवर तर ते समोरासमोर उभे होते. आपल्याच गोळ्याने आपलाच रणगाडा फुटू नये म्हणून आपल्या सैन्याने टी-५५ च्या नळीच्या मध्यावर दुसरा, खोटा फुगवटा बसवला. चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बनणाऱ्या आपल्या विजयंता रणगाड्याचा खरा फुगवटा नळीच्या मध्यावरच असतो, तर पाकिस्तानच्या अमेरिकी बनावटीच्या पॅटन रणगाड्याचा तोंडाजवळ. म्हणजे मध्यावर जाडी दिसली की रणगाडा आपला. ज्या भागात यंत्र म्हणून काहीच नाही, पण ज्याच्यावर आतल्या चौघांचा जीव अवलंबून आहे, तो भाग प्रतिकृतीत चुकीचा बसवणे मला मान्य होणार नाही.

आजचा खर्च : संच ४,२०० रुपये, प्लास्टिक जोडायचे पातळ सिमेंट ३८० रुपये, ४०० आणि १,००० नंबरचे घासायचे वॉटर पेपर ६० रुपये. कामाची जागा परळच्या घराची बंद केलेली गॅलरी, साडेचार फूट बाय तीन फूट. नळी पुढे धरून खरा रणगाडा साधारण ९ मीटर लांब, म्हणजे प्रतिकृती २६ सेंटिमीटरच्या आसपास होईल. गॅलरीत ती मावते.

१५ जून, रविवार

खालचा सांगाडा आणि चाके झाली. टी-५५ ला दर बाजूला पाच मोठी चाके असतात आणि पहिल्या व दुसऱ्या चाकांमधले अंतर बाकीच्यांपेक्षा जास्त असते. चाकांचे दांडे मी एकेक करून चिकटवले आणि प्रत्येक वेळी डोळ्यांच्या अंदाजाने सरळ मानले. संध्याकाळी सांगाडा काचेवर ठेवला तेव्हा डावीकडचे तिसरे चाक पोस्टकार्डाच्या जाडीएवढे अधांतरी होते आणि उजवीकडचे शेवटचे चाक बाकीच्यांना उचलून धरत होते. सिमेंटने प्लास्टिक वितळून जोडले जाते, त्यामुळे दांडा सुटत नाही. दोन्ही दांडे बारीक करवतीने कापून पुन्हा बसवावे लागले. तीन तास गेले. पुढे हे काम करणाऱ्याने दहाही दांडे एका बैठकीत लावावेत, सिमेंट ओले असतानाच सांगाडा काचेवर ठेवून वर एखादे जाड पुस्तक ठेवावे आणि रात्रभर हात लावू नये.

२१ जून, शनिवार

कल्याणहून माळशेज घाटाच्या एसटीने अहिल्यानगरला जाऊन रणगाडा संग्रहालय पाहून आलो. पॅटनच्या नळीसमोर बराच वेळ उभा राहिलो. फुगवटा एकदम जाड होत नाही, दोन्ही टोकांना निमुळता होत नळीत मिसळतो, हे छायाचित्रांत इतके स्पष्ट दिसत नाही. पन्नास पावले मागे जाऊन पाहिले तर बाकी तपशील पुसट होतात आणि नळीवरची ती जाडीच तेवढी डोळ्यांत भरते. खोट्या फुगवट्यामागचा विचार मला तिथे खऱ्या अर्थाने कळला. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च १,१०० रुपये.

२९ जून, रविवार

नळी संचात दोन उभ्या अर्ध्या भागांत येते. जोडाची रेघ घासताना मी एकाच बाजूने घासत राहिलो आणि नळी किंचित चपटी झाली. रेघ घासायची तर वॉटर पेपरची पट्टी नळीभोवती गुंडाळून, बूट चकाकवताना फडके ओढतात तशी पुढेमागे ओढावी लागते. चपटेपणा बोटांना कळतो, डोळ्यांना फारसा कळत नाही, म्हणून नळी तशीच ठेवली.

त्यानंतर फुगवट्याचा पहिला प्रयत्न. नळ गळू लागला की लावतात ती दोन भागांची एपॉक्सी पुट्टी मळून नळीभोवती लावली आणि ओल्या बोटाने गोल केली. पुट्टी कडक होताना खाली लोंबली. सकाळी फुगवटा एका बाजूने पोट सुटल्यासारखा दिसत होता. घासून गोल करायला गेलो तर वरून नळीचे प्लास्टिक लागले आणि खाली पुट्टी तशीच उरली. सगळी खरवडून काढली.

६ जुलै, रविवार

दुसरा प्रयत्न सरबताच्या जाड नळीचा. तिचा आतला व्यास तोफेच्या नळीपेक्षा मोठा निघाला, म्हणून उभी चीर देऊन आवळली आणि झटपट गोंदाने चिकटवली. त्या प्रकारच्या मऊ प्लास्टिकवर हा गोंद नीट धरत नाही. दुपारी सगळे ठीक होते, रात्री चीर उघडली. त्याच बैठकीत पुढच्या दिव्याची पारदर्शक काचही मी त्याच गोंदाने लावली होती. दमट हवेत या गोंदाची वाफ शेजारच्या पृष्ठभागावर पांढरी बसते, त्यामुळे दिवा आंधळा झाला. ती पांढरी साय काचेवरून पूर्ण निघाली नाही. शेवटी स्प्रूचा, म्हणजे संचातले भाग जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीचा, पारदर्शक तुकडा मेणबत्तीवर मऊ करून नवी काच ओढली आणि ती फेविकॉलने लावली. फेविकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो आणि त्याला वाफ नाही. पारदर्शक भागांना पावसाळ्यात दुसरे काही लावू नये.

१३ जुलै, रविवार

फुगवटा जमला, आणि तरीही चुकला.

साध्या पातळ कागदाच्या सोळा मिलिमीटर रुंद पट्ट्या कापल्या. पहिली पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळून कडेला झटपट गोंदाचा एकच थेंब सोडला. कागदाने तो क्षणात शोषून घेतला आणि पट्टी प्लास्टिकसारखी टणक झाली. पुढची पट्टी एक मिलिमीटर अरुंद, त्यापुढची आणखी अरुंद, अशा सात पट्ट्या चढवल्यावर दोन्ही टोकांना पायऱ्या तयार झाल्या. मग नळी हातड्रिलच्या तोंडात हलकेच पकडून फिरवली आणि आधी ४०० व नंतर १,००० नंबरच्या वॉटर पेपरने पायऱ्या घासल्या. पट्ट्यांच्या कडा नाहीशा होऊन उतार गुळगुळीत झाला, अगदी नगरला पाहिला तसा.

नळी टरेटमध्ये बसवली तेव्हा फुगवटा मागे सरकलेला दिसला. मोजून पाहिले आणि चूक लगेच समजली : मी मध्य काढला होता तो संपूर्ण सुट्या भागाचा, आणि त्या भागाचे मागचे टोक तोफेच्या ढालीत आत जाते. बाहेर दिसणारी नळी सुमारे बारा सेंटिमीटर आहे. मध्य तिचा काढायला हवा होता. चूक केवळ सहा मिलिमीटरची, पण खऱ्या रणगाड्यावर ती एकवीस सेंटिमीटर होते. गोंद मुरलेला कागद निघता निघत नाही. पात्याने उभे काप देऊन, नळीवर ओरखडे न पाडता तो सोलायला दीड तास लागला. मग नळी ढालीत बसवून पेन्सिलीने खूण केली, पुन्हा काढली आणि सातही पट्ट्या नव्याने चढवल्या. रात्रीचे साडेबारा वाजले, परंतु आता फुगवटा जागेवर आहे.

टरेटवरची १२.७ मिलिमीटरची विमानवेधी मशीनगन संचात होती, ती लावली नाही. १९५८ मध्ये टी-५५ आला तेव्हा ती काढून टाकलेली होती आणि पुन्हा बसवायला सुरुवात झाली ती १९७० च्या सुमारास.

२० जुलै, रविवार

आजचा दिवस पूर्ण वाया गेला. गेले चार दिवस संततधार होती. सकाळी अर्धा तास ऊन पडले म्हणून घाईने गच्चीवर जाऊन डब्यातला लॅकर प्रायमर फवारला. दहा मिनिटांत करड्या रंगावर दुधी साय आली आणि हात फिरवला तर पृष्ठभाग बारीक रव्यासारखा खरखरीत. लॅकरमधले द्रावक झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसून रंगात अडकते. ऊन दिसले म्हणून हवा कोरडी झाली असे मी समजलो, हीच चूक.

प्रायमर काढण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातला थिनर आणला, पण सुदैवाने आधी स्प्रूच्या तुकड्यावर लावून पाहिला. तुकडा मिनिटभरात चिकट झाला. तोच थिनर टरेटवर गेला असता तर संच संपला होता. शेवटी १,००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने सगळा पृष्ठभाग हलक्या हाताने घासला. टरेटवरच्या पकडदांड्या त्यात तुटल्या. त्यांच्या जागी तांब्याची बारीक तार वाकवून बसवली आणि त्या मूळच्या प्लास्टिकपेक्षा नेटक्या दिसतात.

हवेतली आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ३२० रुपयांना घेतले. गॅलरीत ते ८९ टक्के दाखवते आहे.

२७ जुलै, रविवार

रंग वाळवण्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावून उबदार पेटी केली. घरात साठ वॅटचा जुना बल्ब होता, तोच लावला आणि तासाभराने पाहतो तर बल्बच्या बाजूचे मडगार्ड वर वळलेले. या प्लास्टिकला वितळण्यासाठी आच लागते, वाकण्यासाठी मात्र थोडी ऊबही पुरते. मडगार्ड कोमट पाण्यात धरून हळूहळू सरळ केले. पूर्ण सरळ झाले नाही. लढाईत मडगार्ड वाकतातच, तेव्हा ते तसेच राहू दिले, पण मी ते ठरवून वाकवलेले नाही हे इथे नोंदवतो.

साठचा बल्ब काढून झिरोचा पंधरा वॅटचा लावला, वर दोन भोके पाडली आणि आत आर्द्रतेचे यंत्र ठेवले. दोन तासांत आकडा ८७ वरून ५८ वर आला आणि आतली हवा हाताला नुसती कोमट लागली. या पेटीचा खर्च पन्नास रुपयांच्या आत आहे आणि पूर्ण प्रकल्पात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही. प्रतिकृती आधी दोन तास पेटीत ठेवायची, यंत्राचा आकडा खोलीत ७० च्या खाली असेल त्याच वेळी फवारायचे आणि लगेच पुन्हा पेटीत ठेवायची. या पद्धतीने दुसरा प्रायमर निर्दोष बसला.

९ ऑगस्ट, शनिवार

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेन) आणि त्याला हवा पुरवणारा छोटा कॉम्प्रेसर नागदेवी स्ट्रीटवरून ६,८०० रुपयांना आणले होते. चित्रकलेचे ट्यूबमधले ॲक्रिलिक पाण्यात पातळ करून भरले तर सुई दर पाच मिनिटांनी तुंबत होती. त्या रंगातले कण जाड असतात. प्रतिकृतींसाठी मिळणारे ॲक्रिलिक घेतले, चार बाटल्यांना १,१६० रुपये. तरीही दहा मिनिटे फवारले की हिरव्यावर पाण्याचे थेंब पडून डाग उमटायचे.

हा दोष मला सापडेना. लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात माझ्या ओळखीचे एक रंगकाम करणारे कारागीर आहेत; सध्या त्यांना मान वर करायला फुरसत नाही, तरी एअरब्रश घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते शेंदरी पितांबराच्या घडीत सावली भरत होते. हात न थांबवता त्यांनी विचारले, "नळीला पाण्याची बाटली लावली आहेस का?" मी नाही म्हणालो. "मग हवा नाही, पाऊसच फवारतो आहेस." दमट हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेली आणि नळीत येऊन थंड झाली की तिच्यातले पाणी सुटते, ते अडवणारी काचेची बाटली त्यांच्या प्रत्येक यंत्राला लावलेली होती. त्यांनीच सांगितले की दर वीस मिनिटांनी तिचा खालचा चाप दाबून पाणी सोडायचे आणि नळी आखूड न ठेवता लांब ठेवायची, म्हणजे हवा बाटलीपर्यंत पोहोचेस्तोवर थंड होते. बाटली ४५० रुपयांना मिळाली. पहिल्याच वीस मिनिटांत तिच्यात चमचाभर पाणी जमले. डाग पुन्हा पडला नाही.

रंगाबाबत एक गोष्ट. खऱ्या रणगाड्याची गडद ऑलिव्ह छटा जशीच्या तशी या आकारात लावली तर प्रतिकृती काळपट दिसते. हिरव्यात दर दहा थेंबांना दोन थेंब फिकट पिवळसर तपकिरी मिसळले आणि वरच्या पृष्ठभागांवर आणखी एक थेंब वाढवला.

१९ ऑगस्ट, मंगळवार आणि पुढचे काही दिवस

कालपासून पावसाने मुंबई थांबवली आहे, कामावर जाण्याचा प्रश्न नाही. हातात वेळ होता म्हणून तैलरंगाचा पातळ वॉश, म्हणजे सांधे उठून दिसावेत म्हणून सोडायचा पातळ रंग, सांध्यांत सोडला आणि घाईमुळे आणखी एक चूक केली. वॉशच्या आधी चकचकीत वार्निश द्यायचे असते. पृष्ठभाग मॅट असला तर वॉश सांध्यात धावत नाही, जिथे ठेवला तिथेच पसरतो. टरेटच्या उजव्या बाजूवर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा कडा उमटल्या. टर्पेन्टाइनमध्ये भिजवलेल्या ब्रशने त्या दोन दिवसांत निम्म्या निघाल्या, उरलेल्यांवर पुन्हा हिरवा फवारावा लागला. मग वार्निश, चोवीस तास पेटीत आणि त्यानंतर वॉश. या वेळी ब्रशचे टोक सांध्याला टेकवताच रंग आपोआप रेषेत धावला.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपतीत काम बंद होते. आज ट्रॅक, म्हणजे चाकांभोवती फिरणारा पट्टा. टी-५५ ला वरच्या बाजूला आधाराची छोटी चाके नसतात, त्यामुळे ट्रॅक मोठ्या चाकांवरच पडून असतो आणि दोन चाकांच्या मध्ये झोळीसारखा खाली येतो. संचातला मऊ पट्टा मात्र ताठ उभा राहतो. मी तो आधी रंगवला आणि मग बसवला. वळणावर रंगाचे पापुद्रे सुटले. पट्टा साबणाच्या पाण्याने धुतला नव्हता आणि साच्याचे तेल त्यावर तसेच होते, हेही कारण. सगळा रंग काढून पट्टा धुतला, आधी बसवला, चाकांच्या वर सांगाड्यात बारीक भोके पाडून तारेच्या खुंट्यांनी खाली दाबला आणि मगच रंगवला. खुंट्या मडगार्डच्या आड जातात, दिसत नाहीत. पाच तास लागले.

२८ सप्टेंबर, रविवार

वाहनाचे आकडे पांढरे, आणि घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, हे डेकलचा (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांचा) कागद २४० रुपयांना आणल्यावर लक्षात आले. रणगाड्यावरचे पिवळे वर्तुळ छापून पाहिले तर पाण्यात टाकताच शाई पसरली. त्यावर आधी वार्निशचे दोन हात द्यायला हवे होते. आकडे शेवटी सगळ्यात बारीक ब्रशने हाताने काढले. तिसऱ्या प्रयत्नात बरे आले.

सामान म्हणून मागे दोनशे लिटरचे दोन पिंप, टरेटमागे ताडपत्री आणि अंथरुणाची वळकटी ठेवली. ताडपत्री टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून केली. आमच्या मजल्यावर लष्करात वाहनचालक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी प्रतिकृती हातात घेऊन सर्व बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "अरे, एवढी नीट घडी कोण घालणार? रात्री अंधारात गुंडाळतात आणि पहाटे दोरी सुटायची वाट पाहत बसत नाहीत." ताडपत्री काढून पुन्हा केली, एक टोक लोंबते ठेवले आणि दोरी दोनदा वेढून तिसऱ्यांदा नुसती खोचली. काकांनी ती पाहिली आणि मान डोलावली.

५ ऑक्टोबर, रविवार

धूळ. छांबच्या बाजूला मुनव्वर तवी नदीचे पात्र आहे, म्हणून चिखलाऐवजी फिकट धूळ ठेवायचे ठरवले. प्रथम चाळलेली खरी माती लावली आणि ती लगेच पुसून टाकली, कारण मातीचा एक मिलिमीटरचा कण या मापात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. त्याऐवजी तपकिरी आणि राखाडी कोरडे पेस्टल खडू वॉटर पेपरवर घासून पूड केली, कोरड्या ब्रशने चाकांवर व मडगार्डखाली बसवली आणि टर्पेन्टाइनचा थेंब सोडून धरवली. ओली असताना ती गायब झाल्यासारखी वाटते आणि वाळल्यावर दुप्पट दिसते. म्हणून थोडी लावावी, वाळू द्यावी, मग पुढचा हात द्यावा. खोट्या फुगवट्यावर धूळ अगदी कमी ठेवली, त्याची कड झाकली जाऊ नये म्हणून.

१२ ऑक्टोबर, रविवार

मॅट वार्निशचा शेवटचा हात दिला. आर्द्रता ६१ टक्के, पेटीची गरज भासली नाही. एकूण खर्च १६,९०० रुपयांच्या आसपास, त्यातले ७,२५० कॉम्प्रेसर, एअरब्रश आणि पाण्याच्या बाटलीचे, म्हणजे पुढच्या कामालाही उपयोगी पडतील. वेळ अंदाजे ९५ तास, त्यांतले निदान तीस तास झालेले काम उलगडण्यात गेले. फुगवट्याचे अंतिम माप : लांबी १६ मिलिमीटर, नळीपेक्षा जाडी दीड मिलिमीटर जास्त, मध्यबिंदू ढालीच्या कडेपासून ६० मिलिमीटरवर.

प्रतिकृती काचेच्या पेटीत कपाटावर ठेवली आहे, कोपऱ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या आहेत. नळी दाराच्या दिशेने ठेवली. आत येणाऱ्याला मध्यावरची जाडी बाजूने दिसावी म्हणून टरेट थोडे डावीकडे वळवले.